शेणाच्या टाकीला विरजण

लग्न होऊन पुणतांब्याला आले तेव्हा माझ्याकडे सूक्ष्मजीवशास्त्रातली बी.एस्सी. होती आणि भाकरी थापता येत नाही ही कीर्ती. घरी नुकताच गोबरगॅस बसवला होता, खास आत्याबाईंसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी. चुलीच्या धुराने त्यांचे डोळे सदा लाल आणि पाझरणारे असत. गॅसवर स्वयंपाक सुरू झाला आणि डोळे निवळू लागले, तरी जुन्या सवयीने त्या शेगडीपुढेही तोंड फिरवून, डोळे मिटूनच बसत.

पण सोयरे गॅस बघायला येणार, तर गोठा कसा लखलखीत हवा! आत्याबाईंनी फिनेल ओतून तो धुतला आणि धुवणाचं सगळं पाणी शेणाबरोबर टाकीत ढकललं. सोयरे आले तोवर गॅस साठला की वर येणारं टाकीवरचं लोखंडी झाकण पार खाली बसलं होतं. काडीवर काडी ओढली, शेगडी ढिम्म.

मामंजी भडकले. "संक्रांतीला खड्डा बुजवून टाकतो. चूल हाय की घरात!" आत्याबाई पदराने डोळे पुसत चुलीपुढे जाऊन बसल्या. मला मात्र असा संताप आला!

मी आत्याबाईंना सांगितलं, टाकीत डोळ्यांना न दिसणारे जीव असतात. ते शेणावर जगतात आणि गॅस सोडतात. वारा लागला तरी मरतात, आपण तर फिनेल पाजलं. तेव्हा आम्ही त्यांना जीवाणूच म्हणायचो. पुढे शास्त्रज्ञांनी त्यांची भावकी वेगळी काढली, आर्किया.

"अगं बया, म्या मारले व्हय?" त्यांनी कपाळाला हात लावला.

"नवे आणू. दह्यासारखं विरजण लावायचं."

"मंग ते माज्यावर सोड."

सोनईला माझ्या माहेरी गोबरगॅस चालू होता. तिथला शेणकाला आमच्या ह्यांनी दुधाच्या किटल्यांत भरून एसटीने आणला. कंडक्टरने झाकण उघडायला लावलं आणि मग सबंध गाडीने ह्यांचा उद्धार केला. टाकी उपसून ताजं शेण भरलं, वर ते विरजण ओतलं. थंडी कडाक्याची, म्हणून आत्याबाईंनी झाकणावर कडबा रचला आणि वरून चक्क गोधडी घातली. कुणी जवळ गेलं की ओरडायच्या, "हालवू नगा, मोडंल!" त्या दिवसांची आठवण आली की शेणाचा वाससुद्धा मला गोड वाटतो.

संक्रांत तोंडावर आली आणि झाकण वर आलं. पहिल्या गॅसने काडीच विझवली. मामंजी "बघा!" म्हणाले. मी म्हटलं, थांबा, आधी न पेटणारा वायू निघतो. दुसऱ्या दिवशी सकाळी काडी ओढली आणि शेगडीने निळी ज्योत धरली.

मी चहाचं आधण ठेवायला गेले, तर आत्याबाईंनी माझा हात धरला. शेगडीजवळ तोंड नेऊन त्या कितीतरी वेळ टक लावून बघत राहिल्या.

"सूनबाई, इस्तव असा दिसतो व्हय गं?"

मला रडूच फुटलं. जन्मभर त्यांनीच चूल पेटवली होती, पण धुरापायी तिच्याकडे कधी डोळे उघडून बघताच आलं नव्हतं.