माया धरून कराची

जगात लांब असं काही नाही, लांब असते ती फक्त आगगाडी, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो स्वतः कुर्डुवाडीच्या पुढे कधी गेला नव्हता. गाडीत त्याला मळमळायचं. सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ आमच्या खोलीला लागून या शिंपीकाकांचं दुकान होतं. कधीतरी माळावर उतरलेलं विमान त्यांनी पाहिलं आणि तेव्हापासून गिऱ्हाइकाची छाती मोजता मोजता ते त्याला कलकत्ता किती तासांवर आलं ते सांगू लागले. भिंतीवर शाळेनं टाकून दिलेले दोन नकाशे, एक जगाचा, एक जिल्ह्याचा. गळ्यातली टेप नकाशाला लावायची, इंचांचे तास करायचे आणि शेवटी म्हणायचं, "माया धरून आठ तास." शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड ठेवतात ती माया. काकांनी ती पृथ्वीलाही ठेवली होती. या भानगडीत सदरे मात्र राहून जात. वळसंगचा एक शेतकरी चौथ्या खेपेला वैतागून म्हणाला, "कलकत्ता आठ तासांत गाठताय, मग माझा सदरा महिन्यात वळसंगला का पोचत न्हाय?" काका सुईत दोरा ओवत म्हणाले, "विमानाला काजं करावी लागत न्हाईत."

वडील गेले आणि पाचवीतच माझी शाळा सुटली. पुढं कराचीच्या बंदरावर गोऱ्या साहेबाच्या एका गोदामात माझ्यासाठी जागा निघाली. घरची चूल त्यावरच पेटायची होती, पण आई सोडायला तयार होईना. आतून मीही घाबरलेलाच होतो. शेवटी काकांनी तिला दुकानात बोलावलं.

"वैनी, तुमची लेक बार्शीला दिलीय न्हवं?" त्यांनी जिल्ह्याच्या नकाशावर टेप लावली. "सात इंच." मग जगाच्या नकाशाकडे वळले. "आन् ही कराची. एक इंच. माया धरून सव्वा."

आईनं दोन्ही नकाशांवर बोट ठेवून पाहिलं. "म्हंजे बार्शीपरीस जवळच की."

"विमानानं तर न्याहारी हितं, दुपारची भाकरी तितं."

मी निघालो त्या सकाळी काकांनी मला एक कोट दिला. त्यांनी वेळेवर दिलेला तो एकच कपडा. पुढं दोन रात्री उलटूनही गाडी वाळवंटातून चालतच होती, तेव्हा कुठं त्या दोन नकाशांची मेख माझ्या लक्षात आली.

पहिल्या रजेवर आलो तेव्हा विचारलंच. "काका, नकाशे तर दोन मापांचे होते."

"व्हय की. खऱ्या मापानं बेतलं असतं तर तुझ्या आईचं काळीज उसवलं असतं. जरा माया धरली." मग चष्मा पुसत म्हणाले, "पुढच्या खेपंला विमानानं ये लेका. खरं किती तास लागलं ते सांग मला. निस्ता हिशेबच करत आलोय."

मी हो म्हणालो. तोंडात आलं आणि म्हणून टाकलं. विमानात साहेब लोक बसतात, मी त्यांच्या पेट्यांवर शिक्के मारतो. काका गेल्याचं घरचं पत्र मात्र मुंबईहून विमानानं आलं. ते सकाळी तिकडून निघालं होतं आणि दुपारी डबा उघडला तेव्हा माझ्या हातात होतं. हिशेब बरोबर होता. सांगायला कुणी उरलं नव्हतं.

इथल्या खाऱ्या वाऱ्यात माझं अंग भरलं, म्हणून गेल्या दिवाळीत काकांचा कोट सैल करायला दिला. सिंधी शिंप्यानं शिवण उसवली आणि हसायला लागला, इतकं कापड कुणी आत ठेवतं का म्हणून. सैल करूनही दोन बोटं माया उरली. ती कापायला त्यानं कात्री उचलली, तेव्हा मी कोट त्याच्या हातातून काढून घेतला.