पाटी नसलेला किनारा

पेंटरच्या मुलीने समुद्रकाठच्या त्या मोठ्या शहराचा नकाशा टेबलावर पसरला. त्या शहरासाठी धोक्याच्या पाट्या रंगवण्यात त्याचा जन्म गेला होता. शहर मात्र त्याने कधी पाहिलं नव्हतं. आता मायलेकींनी आठवडाभराच्या सहलीचा हट्टच धरला होता.

“पहिल्या दिवशी दीपगृह,” मुलगी म्हणाली.

“तिथला कठडा मोडकळीला आलाय. पाटी माझीच आहे.”

“बरं, मग खडकांवरून सूर्यास्त बघू.”

“ते निसरडे आहेत. तीही माझीच.”

“अहो, पाटी असली की माणूस जपून चालतो,” बायको वैतागली. “उलट तीच जागा बरी.”

पेंटर नखातला लाल रंग कोरत राहिला. “आधी कुणाचातरी जीव जातो, मग मला काम येतं. खडकांची पाटी दोनदा केली मी. दुसऱ्यांदा अक्षरं मोठी काढायला सांगितली.”

मग मुलीने नकाशाच्या कडेच्या एका चिमुकल्या किनाऱ्यावर बोट ठेवलं. “इथली पाटी तर तुम्ही केली नाही ना, बाबा?”

“नाही,” पेंटर म्हणाला. “तिथली अजून कुणी मागितली नाही.”