उदयसिंह फणसे यांची बडतर्फी

छत्रीबागेतले उदयसिंह फणसे वीज मंडळातून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली. मंडळातल्या लोकांच्या मते मात्र ते नोकरीत असतानाच रिटायर होते. होळकरांच्या घोडदळातल्या आपल्या पूर्वजांबद्दल ते तासन्‌तास बोलत, तेही आडवे पडून. पूर्वज घोड्यावरून उतरत नसत, हे सोफ्यावरून. एवढाच काय तो फरक.

गेल्या वर्षी क्षितिजा नावाची नागपूरची मुलगी त्यांच्याकडे आली. नियमित व्यायाम केला तर निरोगी म्हातारपणाशी संबंध असलेली रक्तातली प्रोटीनं बदलतात का, यावर ती इथल्या एका कॉलेजात संशोधन करत होती. साठीपुढची माणसं हवी होती. निम्म्यांनी रोज भरभर चालायचं, निम्म्यांनी आहे तसंच राहायचं, आणि आधी-नंतर रक्त तपासायचं. चिठ्ठ्या टाकल्या. समोरच्या घरातले अप्पासाहेब चालणाऱ्यांत गेले, उदयसिंह बसणाऱ्यांत.

"म्हणजे मी काहीच करायचं नाही?"

"काहीच नाही, काका. तेही तितकंच महत्त्वाचं आहे."

मग काय! "निधी बेटा, पाणी आण," ते सुनेला सांगत. "मी उठलो तर रिसर्च खराब होईल."

पण अप्पासाहेब नवे बूट घालून रोज सकाळी दारावरून जायला लागले. मुद्दाम थांबत. "क्या भिया, अजून लेटलेलेच? माझा तर दम लागणंच बंद झालं. मॅडम म्हणतात, प्रोटीनं एकदम जवान होऊ शकतात!"

अप्पासाहेब आपल्यापेक्षा उशिरा मरणार, या कल्पनेनं उदयसिंहांची झोप उडाली. शेवटी ते तोंडाला मफलर गुंडाळून लालबाग राजवाड्याकडे चालायला निघाले. आधी धापा टाकत, झाडाला धरून, अप्पासाहेबांना शिव्या घालत. मग हळूहळू भरभर. घरी सांगत, दूध आणायला जातो. दूध घरपोच यायचं. निधी हसून दार लावून घ्यायची.

सहा महिन्यांनी पुन्हा रक्त घेतलं गेलं आणि क्षितिजाने दोघांना बोलावलं.

"काका, तुम्ही खरंच काही केलं नाहीत? अंगातली सूज दाखवणारी तुमची प्रोटीनं चांगलीच खाली आलीत."

"शेव कमी खाल्ली असेल."

"आणि अप्पासाहेब, तुमची जागची हललेली नाहीत."

अप्पासाहेब पंख्याकडे बघत बसले. मग हळूच म्हणाले, "मॅडम, जात तर रोज होतो. कचोरीवाल्यापर्यंत. परत येताना तोंडावर पाणी मारायचं, पसीना दिसतो."

उदयसिंह इतके हसले, की हसता हसता लालबाग तोंडून निसटलं.

क्षितिजाने कपाळाला हात लावला. "दोघंही अभ्यासातून बाद."

"पण माझं तर चांगलं झालं ना?"

"झालं असेल. एका माणसावरून काही सिद्ध होत नाही, काका. आणि विचारलं तेव्हा तुम्ही खोटं बोललात."

फणसे घराण्यात बडतर्फ होणारा हा पहिलाच. उदयसिंह खरोखर ओशाळले. पोरीची मेहनत वाया गेली होती. त्यांनी हात जोडून माफी मागितली. अप्पासाहेबांनाही कोपरानं ढोसून मागायला लावली.

दुसऱ्या दिवशी ते समोरच्या घरी गेले आणि अप्पासाहेबांना अंथरुणातून ओढूनच बाहेर काढलं. कचोरीवाल्याच्या पुढे गेल्यावर अप्पासाहेबांचा श्वास फुलला.

"ठहर जा यार, उदय!" मागून हाक आली.

आपण कुणाच्या पुढे आहोत, हा अनुभव उदयसिंहांना नवीन होता. तो जरा पुरवून चाखावा म्हणून आणखी थोडं चालले, आणि मग थांबले.