राणीची दोन वर्षं

सकाळी सव्वासातला सलीमभाईंच्या मुलीचा फोन आला. "चाचा, अब्बू गेले." मी त्यांच्याकडेच निघालो होतो. पिशवीत पुस्तक होतं. चौतीस पानं राहिली होती.

मस्तगडमध्ये आमची भिंतीला भिंत लागून घरं. सलीमभाई शिंपी. घरात उर्दू, पण दुपारी मशीन थांबलं की हातात मराठी ऐतिहासिक कादंबरी, आणि तीही बुडालेल्या राजघराण्याची. "जिंकलेल्याचं काय वाचायचं, भाऊ? त्याचं तर समदेच सांगतात." आजारात त्यांना अक्षरं दिसेनाशी झाली, तेव्हा मी वाचून दाखवू लागलो. डॉक्टरांनी तीन महिने सांगितले होते. पानं चारशे शहाऐंशी, रोज आठ, म्हणजे एकसष्ट दिवस... बसत होतं. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं. आता त्याची लाज वाटते.

पान दोनशे सातवर मी अडलो. सोळाव्या वर्षी लग्न होऊन आलेली राणी बारा वर्षांनंतर सव्वीसचीच. मी समासात पेन्सिलनं २८ लिहिलं.

"काय खरडून राह्यले?"

"वय चुकलंय. दोन वर्षांनी."

"मंग चुकू द्या की! बिचारीला दोन वर्सं फुकट भेटली, अन् तुम्ही लगेच वसुलीला निघाले." हसता हसता त्यांना ठसका लागला.

सत्तावन्नाव्या दिवशी पान चारशे बावन्नवर आलो. राजवाड्याचा दरवाजा तुटायला आला होता. राणी मुलांना जवळ घेऊन बसली होती.

"बस, भाऊ. आज त्यांना घरातच राहू द्या."

"आजची चार पानं राहिलीत."

त्यांनी माझं मनगट धरलं. हाताला ताकद नव्हती, तरी सोडेनात. "तुमचा हिशोब कधीच चुकत न्हाई का हो? एकदा चुकवा ना... माझ्यासाठी."

"उद्या बारा पानं वाचू," एवढंच मला सुचलं. पुस्तकात त्यांनी अस्तराची पट्टी ठेवली. दुसऱ्या दिवशी तो फोन आला.

हिशोब चुकला. पण उलट्या बाजूनं.

याला आता पाच आठवडे झाले. पट्टी तिथंच आहे. पुढचं मी वाचलेलं नाही, दरवाजा अजून तुटलेला नाही. काल मात्र पान दोनशे सात उघडून ते २८ खोडरबरानं पुसलं. कागद विरेपर्यंत पुसलं. पेन्सिल गेली, पण मी आकडे नेहमी दाबून लिहितो. बोट फिरवलं की अजून अठ्ठावीसच लागतात.