आईची अंघोळ

आईच्या हातांची बोटं आखडायला लागली तेव्हा मी पाचवीत होते. आधी तिची अंगठी निघेना, मग हंड्याचा काठ धरवेना. डॉक्टर म्हणाले, संधिवात आहे. गोळ्यांनी आटोक्यात राहील, पण जाणार नाही. मी आठवीत जाईपर्यंत तिला भाकरी थापता येत नव्हती, केस विंचरता येत नव्हते आणि एकटीने अंघोळही करता येत नव्हती. बाबा मुरबाडच्या एका कंपनीत कामाला. टोकावड्याहून पहिली गाडी पकडायची म्हणून ते उजाडायच्या आत घर सोडायचे. मला भावंडं नव्हती. तेव्हा हे सगळं माझ्याकडे आलं, कुणी न सांगता.

पहिल्यांदा मी तिला अंघोळ घातली तो दिवस आठवतो. ती न्हाणीत पाटावर बसली आणि पाठमोरी झाली. ब्लाउजचे हुक मीच काढले.

"इकडं नको बघू," ती भिंतीकडे बघत म्हणाली.

मी पाठीवर पाणी ओतत राहिले. तिच्या मानेखाली एक तीळ आहे, हे मला तोवर माहीत नव्हतं. पुढे रोजच ती तशी बसायची, आणि आमच्यात एवढंच बोलणं व्हायचं. "गरम लागतं का?" "नाय." बाहेर येऊन मी तिला साडी नेसवायची, वेणी घालायची, भात आणि गोळ्या तिच्या हाताशी ठेवायची आणि शाळेला पळायची. उशीर झाला की बाई कारण विचारायच्या. मी सांगायची, झोपून राहिले. मुली हसायच्या. ते मला सोपं वाटायचं. खरं सांगितलं असतं तर त्या गप्प झाल्या असत्या, आणि ते मला नको होतं.

संध्याकाळी शाळेमागच्या पटांगणात मुली खो-खो खेळायच्या. मी कडेने घरी निघायची. हळूहळू त्यांनी हाक मारायचं सोडलं.

दहावीची परीक्षा झाली त्या उन्हाळ्यात शहापूरजवळ सापगावला मावशीकडे लग्न होतं, तिच्या मुलीचं. आई म्हणाली, "मी नाय येत. हात बघून बायका इचारत बसतात. तू जा."

"तुझं कोण करील?"

"करीन मी कायतरी. शेजारच्या काकी हायत ना."

मुरबाडला गाडी बदलून मी सापगावला पोचले. घर पाहुण्यांनी भरलेलं, अंगणात मांडव. मला तिथे काय करावं तेच कळेना. पाट उचलले, कांदे चिरले, तरी हात मोकळेच वाटत होते. दुसऱ्या दिवशी हळदीच्या आधी मावशीने मला बोलावून समोर बसवलं आणि माझे केस सोडले.

"काय गो, गुंता किती. घरी कोण विंचरतं?"

"मीच."

तिने तेल घातलं आणि बोटांनी हळूहळू गुंता सोडवायला लागली. तिचा हात डोक्यावरून फिरला आणि मला रडू आलं. मावशी विंचरतच राहिली. आजूबाजूला बायका होत्या, सगळ्यांना दिसत होतं, पण मला थांबताच येईना. कितीतरी वर्षांत मला असं कुणी हात लावलेला नव्हता, हे मला तिथे बसल्यावर कळलं.

लग्नाला मी थांबले नाही. आईची काळजी वाटते असं सांगून दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने निघाले.

घराजवळ आले तर न्हाणीतून हसण्याचा आवाज आला. आई हसत होती. शेजारच्या काकी तिला अंघोळ घालत होत्या आणि कुणा म्हाताऱ्याची नक्कल करत होत्या. आई "बस गो, पुरे" म्हणायची आणि पुन्हा हसायची. मी पिशवी घेऊन ओट्यावर बसले. आत गेले नाही. इतकी वर्षं रोज मी त्याच पाटाशी उभी राहत होते, आणि मला तिचं हे हसणं माहीतच नव्हतं.

काकी गेल्यावर मी विचारलं, "माझ्यासोबत का नाय हसत तू?"

आईने पदर खांद्यावर ओढून घेतला. मग म्हणाली, "काकी माझ्या वयाच्या. तुला पाठीशी उभं बघितलं का मला लाज वाटते. मी तुला न्हाऊ घालायची, ते सगळं उलटं झालं. हसू कशी?"

मला राग आला होता. तो कुणावर, ते ठरवता येत नव्हतं.

त्याच आठवड्यात तिने बाबांना सांगून टाकलं, की सकाळचं काकी बघतील आणि मी अकरावीला मावशीकडे राहून शहापूरला शिकेन. त्याच्या बदल्यात काकींच्या शेतावर भातलावणीला आमच्याकडून बाबा सुट्टी काढून जातील, असं त्या दोघींनी परस्पर ठरवलंही होतं. मी म्हटलं, मी नाय जात. आई म्हणाली, "जा. मला सवय होऊ दे."

मी गेले. मावशीकडे सगळे प्रेमाने वागायचे. तरी सकाळी जाग यायची ती जुन्याच वेळेला, आणि करायला काही नसायचं. घर झोपलेलं असायचं. मी अंथरुणात पडून आता आई उठली असेल, आता काकी आल्या असतील, असा हिशोब करत राहायची. आईला माझी गरज नाही याचं मला बरं वाटायला हवं होतं. तसं वाटायला फार दिवस लागले, आणि अजूनही पुरतं वाटत नाही.

आता मी शहापुरात नोकरी करते, खोली घेऊन एकटी राहते. डॉक्टरांनी औषध बदललं, त्यानंतर आईच्या वेदना कमी झाल्या. बोटं मात्र वाकडीच राहिली. रविवारी मी घरी जाते. जेवण झालं की आम्ही ओट्यावर बसतो. ती गावातलं सांगते, मी ऑफिसातलं. मधे बोलणं संपतं. तेव्हा दोघीही रस्त्याकडे बघत बसतो, आणि थोड्या वेळाने ती म्हणते, "गाडीची वेळ झाली बघ."