संध्याकाळी जाणारं नेट

गुणामावशीचा फोन आला की माझं डोकं उठायचं. "शारिक, नेट गेलं रे बाबा." सकाळी माझं कॉम्प्युटरचं दुकान उघडायच्या आधी जाऊन बघावं, तर नेट ठणठणीत. मी वायर बदलली, मोडेमचा चार्जर बदलला, टेलिफोनवाल्यांशी भांडलो. दिवस कलला की पुन्हा फोन. अख्ख्या लातुरात भुताला हिचंच घर सापडलं होतं.

मावशी ट्यूशनच्या गल्लीत राहायची. मुखेड, लोहा, देवणीच्या पोरी डॉक्टर व्हायला लातुरात येतात, त्यातल्या पाच-सहा हिच्या पुढच्या खोलीत. एखादी तापानं फणफणली तर मावशी रातभर उशाला बसणार आणि सकाळी तिलाच शिव्या घालणार. तिची स्वतःची शिवकन्या याच खोलीत शिकून नागपूरला मेडिकलला लागली, पण तिथं पोरीचं मनच लागंना. "सोडून येते" म्हणून रडायची. दिवसभर कॉलेज, म्हणून संध्याकाळीच कॉम्प्युटरवर आईचं तोंड बघायची, आणि नेमकं तेव्हाच नेट जायचं.

"नुसत्या आवाजानं भागत न्हाई रे," मावशी म्हणायची. "उद्या बॅग भरून दारात उभी राहिली तर?"

शेवटी मी हट्टानं संध्याकाळीच गेलो. मावशीनं देवापुढं दिवा लावला, स्वैपाकघरात गेली, फळीवरच्या मोडेमवर स्टीलचं पातेलं पालथं घातलं, त्यावर तांब्या, त्यावर उपडा गिलास. पुढच्या खोलीतून पोरी म्हणाल्या, "गेलं."

सिग्नल स्टीलखाली कोंडला होता. मी कपाळावर हात मारला. "मावशी, काय करायलीस हे?"

"उतरंड हाय. जमीन हलली की गिलास पडतो, पोरी जाग्या होतेत."

"पण या डबड्यावरच का?"

"जागा आधीपासून उतरंडीची. डबडं मागून आलं."

मला हसू आलं, ते तसंच गिळलं. किल्लारीकडच्या गावात भूकंपात मावशीची थोरली लेक झोपेतच गेली, हे मला ठाऊक होतं. पण तेव्हापासून ही बाई उतरंड लावल्याबिगर एक रात निजली नव्हती, हे ठाऊक नव्हतं.

"त्यानंच नेट जात आसंल तर ऱ्हाऊ दे नेट," ती म्हणाली. "लोकाच्या लेकी हायेत माझ्याकडं."

"दोन्ही ऱ्हातंय की," म्हणत मी लांब वायर टाकून मोडेम खिडकीत नेला.

थोड्या वेळानं शिवकन्या कॉम्प्युटरवर दिसली, डोळे सुजलेले. मावशीनं सगळा घोळ सांगितला. पोरगी रडता रडता हसली आणि तिनं कॅमेरा फिरवला. होस्टेलच्या कपाटावर स्टीलचा डबा, त्यावर वाटी, त्यावर उपडा गिलास.

"पहिले सगळ्या हसल्या मला," शिवकन्या म्हणाली. "आता रूममेटच रोज आठवण करून देती. त्याबिगर झोपत न्हाई ती."

मावशीनं पदरानं नाक पुसलं.

"गिलास काठाकडं सरकव, मधी ठिवला तर पडायचा न्हाई. आन् तू निघून आलीस तर त्या पोरीची उतरंड कोण लावंल?"

शिवकन्या उठली आणि तिनं गिलास काठाकडं सरकवला. बॅगेचं नाव त्यानंतर निघालं नाही.