वाळलेल्या गवताचं प्रदर्शन

आमच्या घरात कॉलेज पूर्ण करणारी मी पहिली. हे मी कुठेही सांगते, इथेही सांगते. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. बाबा सरकारी बंगल्यावर तीस वर्षं माळी होते. त्यामुळे झाडांबद्दल घरात दोन मतं, आणि दोन्ही ठाम.

मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात एका बागेत दर जानेवारीत फुलांचं प्रदर्शन भरतं. स्पर्धेसाठी कोपरे वाटून देतात. लोक आदल्या दिवशी भाड्याच्या कुंड्या आणून मांडतात आणि तीन दिवसांनी टेम्पोत भरून परत नेतात. मला ते पटत नव्हतं. मी पावसाळ्यातच अर्ज करून पाण्याच्या टाकीमागचा कोपरा मागून घेतला आणि बैहरकडच्या रानात आपोआप येतं ते लावलं: गवतं, धायटी, रानतुळस, तरोटा. खत नाही, औषध नाही, पाला पडेल तिथं. नकाशा ग्राफच्या कागदावर, शास्त्रीय नावांसकट.

बाबांनी तो कागद उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"तरोटा पेरून राह्यली?"

"हौ."

"मी जल्मभर थोच उपटला, पोरी. मले पगारच त्याचा होता."

सप्टेंबरात गवत छातीला लागत होतं आणि फुलपाखरांमुळे मला नीट फोटो काढता येत नव्हता. जानेवारीत सगळं वाळून पिवळं पडलं. पावसावर जगणारी झाडं पाऊस संपला की झोपतात, हे मी परीक्षेत पानभर लिहिलं होतं. प्रदर्शन हिवाळ्यात असतं हेही मला माहीत होतं. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघायचं तेवढं राहून गेलं.

शेजारच्या कोपऱ्यात एक काका झेंडूचा मोर मांडत होते. म्हणाले, "बिटिया, सफाई कब करवाओगी? कल तो उद्घाटन है."

हसून सोडून देण्यासारखं नव्हतं. प्रदर्शन संपलं की सगळे कोपरे खोदून सपाट करतात. उद्घाटनाला आलेले मोठे साहेब 'राहू द्या' म्हणाले तरच एखादा वाचतो. कुंड्यावाल्यांना त्याचं काय? माझं मात्र सगळं जमिनीत होतं.

मी बाबांना बोलावून घेतलं. सायकल टेकवून ते कोपऱ्याभोवती एक चक्कर मारून आले.

"तुम्हाले माहीत होतं हे वाळन म्हणून?"

"हौ."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तू शिकलेली. मले वाटलं, हे बी डिझाइनमंदीच हाय."

माझा चेहरा बघून ते थांबले. उकिडवे बसले, गवताचा तुरा तळहातावर चोळला.

"बी भरलं हाय. लॉनचं बी टाकलं का मी दिवसभर डबा वाजवत पाखरं हाकलत बसो. पाखरू कायले येते थे मले इचार. दाणा पायजे, लपाले झुडूप पायजे, अन् पसरट पाणी. तुह्याइथं पाणी नाही."

आम्ही मातीचं एक पसरट भांडं जमिनीत काठापर्यंत पुरलं. मधोमध दगड ठेवायला त्यांनीच सांगितलं, म्हणजे पाखराला पाय टेकता येतात.

सकाळी आलो तर मुनियांचा थवा वाळल्या काड्यांना लोंबकळून दाणे काढत होता आणि दोन बुलबुल पाण्यात उतरले होते. बाबांचा हात सवयीनं हाकलायला वर गेला. त्यांनी तो खिशात घातला.

साहेब आले बारा वाजता. लाउडस्पीकर, गर्दी, ढोल. एकही पाखरू जागेवर नव्हतं.

"ये अभी बाकी है क्या?" साहेबांनी विचारलं.

मी शास्त्रीय नावं सांगायला लागले. तिसऱ्या नावाला साहेबांनी घड्याळ पाहिलं. तेवढ्यात बाबा पुढे झाले. "साहब, इधर बैठिए." आणि साहेब खरंच खाली बसले. भांड्याकाठच्या चिखलात पाखरांची पावलंच पावलं होती. दगडावर विष्ठा, गवताखाली फोलपटं.

"ये मुनिया की. ये बुलबुल. और ये सातभाई, ये लोग झुंड में आते हैं, बारात जैसे. सब सुबह आके गए. आप लेट आए, साहब."

मागची माणसं आपापल्या बुटांकडे पाहू लागली. साहेब आधी चिखलाकडे बघत राहिले, मग हसले.

"बारिश तक रहने दो," उठता उठता ते म्हणाले. "पर संभालेगा कौन? माली कौन है इसका?"

"मैं हूँ," मी म्हणाले.

बाबांनी मला शिकवलं ते 'माळी' या शब्दापासून लांब नेण्यासाठी. त्यांची मान झटकन माझ्याकडे वळली. शेजारी वही घेऊन उभा असलेला बाबू लिहू की नको अशा विचारात. बाबाच त्याला म्हणाले, "लिखो, लिखो. पर नई है. छह महीने मैं इसका काम देखूँगा, फिर पक्का करना."